हार घातलेल्या मशीनचं उत्तर

भुताखेतांचे किस्से मी आजवर फक्त टिंगल करायलाच ऐकले. त्यामुळे मी इथे लिहितेय म्हणून हसू नका... माझा स्वतःचाच संशय अजून फिटलेला नाही.

मी किन्हवलीची. शहापूर-मुरबाडकडचा कुठला डोंगरउतार पावसात खचेल, याचं गणित हा माझा पीएचडीचा विषय. एका कॉम्प्युटरला ते झेपत नाही. म्हणून उतारांचे तुकडे पाडले आणि शहापूरच्या कॉलेजची लॅब, मुरबाडची लॅब, थोडं भाड्याचं क्लाउड असं सगळं एकत्र जोडलं. जे मशीन रिकामं, त्याला पुढचा तुकडा. उत्तरावर मशीनचं नाव आपोआप येतं.

दसऱ्याला मुरबाडची लॅब बंद होती. आपल्याकडे पद्धतच आहे — हळदकुंकू, झेंडूचा हार, मग दिवसभर मशीनला हात लावायचा नाही. आणि दुपारी तिथल्याच एका मशीनकडून उत्तर आलं. तुकडा माझ्या मावशीच्या पाड्यामागच्या उताराचा. उत्तर — खचणार.

पहिला संशय संदीपवर. शाळेपासूनचा मित्र, ती लॅब तोच सांभाळतो, आणि मस्करीत एक नंबर. थेट त्याच्या घरी गेले. तो दुखावलाच.

"मेन स्विच मीच पाडला. पूजेच्या मशीनला मी हात लावीन काय गो?"

पूजेनंतर त्या दिवशी त्याने लॅब पुन्हा उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तर हार जागच्या जागी होता. मशीनच्या स्वतःच्या नोंदीतही ते आदल्या दिवशी बंदच. तरी मी त्याच्याकडे संशयानेच बघत होते. पण तुकड्यांना फक्त नंबर असतात. कुठला कुठल्या पाड्याचा, हे त्याला कळणार कसं?

तोच तुकडा पुन्हा चालवला. त्याच मशीनवर, शहापूरला, क्लाउडवरही. सगळीकडे उतार सुरक्षित! आता अहवाल तालुक्याला जायचाय. माझे पीएचडीचे सर म्हणतात, ते एक उत्तर वगळून टाक. त्यांचं बरोबरच आहे. माझा हातच होत नाही.

मावशीला मात्र मी किन्हवलीला घेऊन आले. ती रोज कुरकुरते — घर तिकडे, कोंबड्या तिकडे. शेवटी काल सांगून टाकलं, मावशी, कॉम्प्युटर म्हणतोय डोंगर खचेल. तिने माझ्याकडे बघत विचारलं,

"मंग पाड्यातल्या बाकीच्यांना का नाय आणलंस गो?"

मशीनने उत्तर कसं दिलं, ते मला माहीत नाही. पण अहवालातून मी ते अजून वगळलेलं नाही.