शॅडो म्यूट

"म्यूट केलं की मला दिसायचं बंद हुतंय. बाकी समद्यास्नी दिसतंयच की! मग त्याचा उपेग काय, मॅडम?"

फोनवर स्वाती होती. मी तिला नुकतंच आमचं ठरलेलं उत्तर दिलं होतं. चॅटच्या चौकटीत आधी स्लॅश टाका, पुढे म्यूट लिहा, मग त्या खेळाडूचं नाव लिहून पाठवा. अशा छोट्या हुकमाला कमांड म्हणतात. ती दिली की त्या माणसाचे मेसेज तुम्हाला दिसत नाहीत. स्वातीनं ते केलं होतं. पण शिव्या देणारे रोज नव्या नावानं येत होते, आणि तिनं नाही वाचलं तरी तिच्या टोळीतल्या बाकीच्या बायका वाचत होत्या.

मी तेव्हा सोलापुरात, होटगी रोडवरच्या एका ऑफिसात चॅट मॉडरेटर होते. मोबाइलवर एकत्र खेळायचा, किल्ले लढवायचा गेम होता. खेळाडू एकमेकांशी काय बोलतात त्यावर लक्ष ठेवायचं, शिवीगाळ थांबवायची, तक्रारींना उत्तरं द्यायची, हे माझं काम. मराठी, कन्नड आणि तेलुगू चॅट आमच्याकडे होतं, कारण या तिन्ही भाषा कळणारी माणसं सोलापुरात एकाच खोलीत सापडतात. माझ्या शेजारी श्रीनिवास बसायचा. त्याला सेटिंग्ज बदलायचे अधिकार होते. मला फक्त चॅट बघायचे, मेसेज पाठवायचे आणि काढायचे.

स्वाती सांगोल्याजवळच्या एका वाडीवर राहायची. नवऱ्याबरोबर शेळ्या सांभाळायची आणि आमच्या गेममध्ये 'काटेरी' नावाच्या टोळीची कप्तान होती. टोळीत सगळ्या बायकाच, सांगोला-मंगळवेढा भागातल्या. बहुतेकींनी एकमेकींना कधी पाहिलेलंही नव्हतं. इतर टोळ्या माइक लावून बोलत खेळायच्या. या मात्र फक्त टाइप करून. मी एकदा तिला विचारलं होतं, "बोलून खेळलात तर सोपं नाही का जाणार?"

"भायेर सोप्यात सासरा बसल्याला असतोय, मॅडम. 'डावीकडनं मारा गं' म्हणून वरडू व्हय?"

तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

तर, या काटेरी टोळीनं साखळी सामन्यात 'सरदार' नावाच्या खेळाडूच्या टोळीला हरवलं. हा सरदार म्हणजे मोठं प्रस्थ. तो स्वतःचा खेळ लाइव्ह दाखवायचा आणि ते बघायला पोरांची झुंबड उडायची. हरल्यावर तो लाइव्हमध्ये हसत एवढंच म्हणाला, "चुलीपुढच्या बायांकडून हरलो राव, आता तुम्हीच बघा काय ते."

त्या दिवसापासून स्वातीला शिव्या सुरू झाल्या. तिच्या शेळ्यांवरून, अंगावरून, नवऱ्यावरून. शिव्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या, मधे टिंबं टाकलेल्या, म्हणून फिल्टरला सापडत नव्हत्या. फिल्टर म्हणजे ठरावीक शब्द आले की मेसेज अडवणारी जाळी. आम्ही शब्द वाढवत गेलो, ते स्पेलिंग बदलत गेले. मग एकानं सगळ्यांना दिसेल असं तिच्या वाडीचं नाव लिहिलं. 'कोण जातंय बघायला?' असंही.

मी ती सगळी खाती काढून बघितली. नवी होती, आणि एकूण एक सरदारच्या इन्व्हाइट कोडवरून उघडलेली. इन्व्हाइट कोड म्हणजे जुना खेळाडू नव्याला देतो ते आमंत्रण. कोण कुणामुळे आलं ते त्यावरून कळतं.

पुण्याला आमचे वरिष्ठ होते, अभिजित सर. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना सगळं दाखवलं.

"सर, नव्या खात्यांना काही सामने खेळल्याशिवाय लिहिताच येणार नाही, असं सेटिंग आपल्याकडे आहे. ते लावू या. आणि सरदारला निदान लेखी ताकीद."

"वैशाली, नवा प्लेयर आल्या आल्या गप्प बसवला तर तो राहील का? आणि सरदारनं स्वतः काय लिहिलंय? दाखव ना."

"त्यानं नाही लिहिलं. त्याच्या माणसांनी लिहिलंय."

"मग ते प्रूफ होत नाही. त्याच्यामुळे फायनलला किती पब्लिक येणार आहे माहितीये तुला?"

"बाईच्या गावाचं नाव बाहेर आलंय, सर."

"तो मेसेज डिलीट केलास ना? झालं तर. आणि हे बघ, ती पण उत्तरं देते. म्हणून ते पेटतात. बघतो मी."

उत्तरं ती देत होती, हे खरं. 'आधी गेट राखाय शीक, मग बोल' असली. एकही शिवी नव्हती त्यात.

फायनल रविवारी दुपारी होती. काटेरी विरुद्ध सरदारची टोळी. मी आणि श्रीनिवास ऑफिसात बसून चॅटवर लक्ष ठेवून होतो. सुरुवातीलाच मला काहीतरी विचित्र वाटलं. स्वाती लिहीत होती, 'गेट लावा'. कुणी हललं नाही. 'मंगल, बुरुजावर जा'. मंगल जागची हलली नाही. मग मंगलनंच लिहिलं, 'ताई काय करायचं?' स्वातीनं लगेच उत्तर दिलं. त्याखाली मंगलचा दुसरा मेसेज आला, 'ताई बोल की'.

मी श्रीनिवासला म्हटलं, "स्वातीच्या खात्याची सेटिंग्ज उघड."

त्यानं उघडलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटला. स्वातीला शॅडो म्यूट लावलेलं होतं. हे सेटिंग सराईत शिवीगाळ करणाऱ्यांसाठी असतं. लिहिणाऱ्याला स्वतःचा मेसेज दिसतो, वाटतं की गेला. पण तो दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. मॉडरेटरच्या पडद्यावर मात्र सगळं दिसतं. त्याच सकाळी अभिजित सरांच्या लॉगिनवरून ते लावलं गेलं होतं. फायनलच्या लाइव्हमध्ये भांडण नको म्हणून. फक्त सार्वजनिक चॅटच नाही, टोळीतलं चॅटही त्यात बंद होतं, एवढं बघायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. ते फायनलच्या लाइव्हमध्ये पाहुणे म्हणून बसले होते, समोरच्या टीव्हीवर दिसत होते.

"काढून टाक," मी श्रीनिवासला म्हटलं.

"परवानगीशिवाय?"

"मी सांगितलं म्हण."

त्यानं काढलं. पडद्यावर सूचना आली: हा बदल पुढच्या सामन्यापासून लागू होईल.

स्वातीला फोन करावा म्हणून मी मोबाइल हातात घेतला आणि तसाच धरून बसले. ती त्याच फोनवर खेळत होती. कॉल आला असता तर गेम मधेच तुटला असता. आणि सामना चालू असताना टोळीच्या चॅटमध्ये मॉडरेटरला लिहिता येत नसे.

तिचे शेवटचे मेसेज अजून डोळ्यांसमोर आहेत. 'अगं वाचताय का न्हाय?' 'कुटं हायसा समद्या?' गेट उघडंच राहिलं. सरदारची माणसं सरळ आत शिरली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, पोरी म्हणत्यात, तू मुद्दाम गप बसलीस. सरदारला फितूर झालीस म्हणत्यात. मी तर टायपून टायपून मेले. माजं तोंड कुणी बंद केलं हुतं?"

मी तिला खरं सांगितलं. पलीकडे तिच्या पाठीमागे कुणीतरी शेळ्यांना हाकत होतं.

"शिव्या त्यांनी दिल्या, आन् दावणीला मला बांधलं व्हय?" ती म्हणाली. "मग हे तुमी पोरींस्नी सांगा की. माज्यावर न्हाय इश्वास ठेवायच्या त्या."

सोमवारी मी अभिजित सरांना विचारलं, कंपनीकडून काटेरी टोळीला खुलासा देऊ का?

"नेटवर्क इश्यू होता म्हणून कळव."

"नेटवर्क इश्यू नव्हता, सर."

"वैशाली, वाक्य मी दिलंय. ते पाठव."

मी ते वाक्य पाठवलं नाही. मॉडरेटरच्या खात्यावरून काटेरीच्या चॅटमध्ये साध्या मराठीत लिहिलं: 'फायनलमध्ये तुमच्या कप्तानानं प्रत्येक हुकूम दिला होता. कंपनीनं तिचे मेसेज बंद केले होते, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. तिची काही चूक नाही.' जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मेसेज कुणीतरी काढून टाकला होता. चहाच्या वेळेला माझं लॉगिन चालेना. श्रीनिवासनं मान वर केली नाही. त्याला घर चालवायचं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

पुढे काही दिवसांनी मी स्वातीला फोन केला. माझा मेसेज दोघी-तिघींनी वाचला होता. मंगल परत बोलायला लागली होती. बाकीच्यांना हे पटलं नाही. कंपनी स्वतःच्याच खेळाडूचं तोंड कशाला बंद करेल, असं त्यांचं म्हणणं. काटेरी टोळी मोडली. "मी काडून टाकलाय गेम," स्वाती म्हणाली. "लई बरं वाटायचं त्यात. कुनीतरी ऐकतंय आपलं, असं." पुढच्या स्पर्धेच्या जाहिरातीत सरदारचा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, सभ्य चॅटचा दूत.

आता मी शहरातल्याच जुळे सोलापूर भागात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. गेममध्ये कुणी त्रास दिला तर काय करायचं, असं मुली विचारतात. मी सांगते, आधी स्क्रीनशॉट काढा, तक्रार नंतर. आणि महत्त्वाच्या सामन्याआधी आपला एक मेसेज दुसरीच्या फोनवर उमटतोय का, ते तिला विचारून घ्या. आपल्या पडद्यावर दिसलं म्हणजे समोरच्याला पोचलं, असं धरून चालू नका.