शेडवाल्या मामांचे ठिपके

शिरूर तालुक्यात कारखाने काढणारे पुष्कळ झाले असतील, पण कारखाना मेंढरांच्या कळपासारखा राखणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे शेडवाले मामा. मूळचे निमोण्याचे. वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. ती विकून मामांनी पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पत्रा कापायची प्रेस मशीन आणली, पण हातातली काठी काही सोडली नाही. मशीनला तेल दिल्याशिवाय ते सकाळचा चहा घेत नसत. "आधी तिच्या तोंडाला काय तरी लागू द्या, मग आपलं," म्हणायचे. एका जुन्या प्रेसचं नाव त्यांनी लंगडी ठेवलं होतं आणि तिच्यावर कुणी डाफरलेलं त्यांना खपत नसे. गुरुवारी वीज बंद, म्हणून शेडांच्या सगळ्या लायनीला सुट्टी. मामा मात्र शेडच्या दारात बसून. माल भरलेला टेंपो निघाला की मेंढरं हाकल्यासारखं जीभ टाळूला लावून "हुर्रर्र, हुर्रर्र" करत हायवेपर्यंत त्याच्यामागं चालत जायचे. नवा ड्रायव्हर असला की बिचारा घाबरून गाडीच थांबवायचा.

मी किनवटकडची. सातवीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या मागं एवढ्या लांब आलेली, आणि इथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. काम मागायला गेले तेव्हा मामांनी एकच विचारलं, "पोरी, जेवलीस का?" आणि लगेच आपली अर्धी भाकरी पुढं करून म्हणाले, "खा. मंग सांग काय येतंय." मला काहीच येत नव्हतं. पत्रा कापल्यावर कडेला जी धार राहते, ती कानशीनं घासायला त्यांनीच शिकवलं. तरी रोज सकाळी कामावर येताना वाटायचं, आज काढतील, आज काढतील. मामा नुसते हसायचे.

आमच्या लायनीतल्या साऱ्या शेडांत एकाच मोठ्या कंपनीसाठी एकसारख्याच लोखंडी पट्ट्या बनायच्या. त्यामुळं समोर बसून चहा प्यायचा आणि मागच्या मागं कंपनीत जाऊन शेजाऱ्यापेक्षा कमी भाव सांगून यायचं, ही तिथली रीतच झाली होती. शेवटी कंपनीनं निरोप धाडला: एवढ्या जणांशी बोलत बसायला आम्हांला वेळ नाही. सगळे मिळून एक ऑर्डर पुरी करून दाखवा, नाहीतर काम एकाच मोठ्या कारखान्याला देऊन टाकतो.

लायनीत सुतकी कळा आली. मामा मात्र हरखले. सगळ्या मालकांना बोलावून म्हणाले, "आमच्या वाड्यावर चार घरांची मेंढरं एका जाग्याला बसायची. भांडण व्हायचं का? न्हाई. पाठीवर ज्याचा त्याचा रंग!"

शेजारच्या शेडचे आप्पा जन्माचे संशयी. ते म्हणाले, "मामा, मेंढरू वरडून तरी सांगतंय मी कुणाचं. पट्टी काय सांगनार? तुमची खराब निघंल आन् नाव माझं व्हईल."

"म्हनून तर रंग लावायचा, आप्पा!"

आणि लागला. आमचा निळा, आप्पांचा लाल, बाकीच्यांचे त्यांचे त्यांचे. मामा स्वतः ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन बसले, आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर ठिपका देताना "जा बाई, नीट जा," म्हणत राहिले. त्या दिवसांत लायनीत काय झालं होतं कुणास ठाऊक. लंगडी बंद पडली तर आप्पा आपलं काम टाकून तिला दुरुस्त करायला आले. एकाची वीज गेली तर दुसऱ्यानं आपल्या मशीनवर त्याचा माल काढून दिला. टेंपो निघाला तेव्हा मामांच्या मागं सगळी लायन हुर्रर्र करत चालली होती.

सगळा माल परत आला. आजवर आमच्या पट्ट्या कंपनीत रंगवायला जायच्या, त्यात ठिपका झाकून गेला असता. या खेपेला त्यांच्यावर जस्ताचा मुलामा चढायचा होता. ठिपक्यांवर तो धरलाच नाही. ठिपक्यांचा रंग मग कंपनीनं धुऊन काढला होता, आणि दर पट्टीच्या पाठीवर एक गोल टक्कल तेवढं उरलं होतं. गंज धरायला लागलेलं.

मामा खाली मान घालून उभे. आता आप्पा फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. आप्पांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"मामा, ही तुमची का माझी वो?"

"आता काय वळकंना, आप्पा."

"मंग ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले, आणि पट्टी हळूच खाली ठेवली.

काम गेलं ते गेलंच. एकेक शेडचं दार बंद होत गेलं. लंगडी भंगारात निघाली त्या दिवशी तिला टेंपोत चढवल्यावर आम्ही सगळे हुर्रर्रची वाट बघत उभे होतो. मामा टेंपोच्या कडेला उभे राहून लंगडीला तेलच देत राहिले. शेवटी आप्पांनीच केलं. त्यांना कुठलं जमतंय? खोकल्यासारखं निघालं, पण टेंपोच्या मागं चालत गेले हायवेपर्यंत.

मामांनी माझा जेवणाचा डबा मागून घेतला आणि उरल्यासुरल्या निळ्या रंगाचा एक ठिपका झाकणावर दिला. म्हणाले, "दुसऱ्याच्या कळपात गेलीस तरी वळकू येशील."

आता मी यवतला एका गोदामात माल भरते. आज काढतील, आज काढतील, हे इथंही आहेच. डबा घासताना झाकणाच्या त्या जागेला मी घासणी लावत नाही. परवा शेजारी बसणाऱ्या बाईनं विचारलं, "हे काय लागलंय गं?"

"रंग हाय. आमच्याकडं लावत्यात."

"माहेरी व्हय?"

"व्हय," म्हटलं.