लाल दोरा, निळा दोरा

त्यांचं खरं नाव इस्पितळात फक्त पगारपत्रकाला ठाऊक. तिथले संगणक सांभाळणारे ते बाकी सगळ्यांचे दोरेमामा. सर्व्हरच्या मागच्या दोन वायरींना ते बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधत: कार्यालयाकडे जाणारीला निळा, रक्तपेढीच्या फ्रिजांकडे जाणारीला लाल. हाताखालची पोरं चिडवायची, "मामा, आता काजं-बटणंही लावून टाका." मामा ऐकून घ्यायचे. दोरा कधी खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत.

त्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी सर्व्हरमधलं, वायर ज्यात खुपसतात ते, एक बिघडलेलं नेटवर्क कार्ड बदललं, दोरे बघून वायरी लावल्या, हिरवे दिवे लुकलुकले. झालं काम. मामा निवांत.

एक वाजता रक्तपेढीच्या ताईंचा फोन. "मामा, दहापासून फ्रिजांचं तापमान नोंदलंच गेलेलं नाही. फ्रिज गार आहेत, पण नोंद नसेल तर सगळं रक्त टाकून द्यायचं, असा नियम. वर एका बाळंतिणीचं अडीचला ऑपरेशन आहे. तिच्या गटाच्या दोनच पिशव्या आहेत, दुसरीकडे कुठे मिळेनात."

मामांनी घड्याळ पाहिलं. फ्रिजवरचे तापमान मोजणारे डबे मागच्या चारच तासांचं तापमान लक्षात ठेवतात. म्हणजे दोनपर्यंत मुदत, त्यानंतर दहाची नोंद पुसायला सुरुवात.

त्यांनी वायरी ओढून पाहिल्या. दोरे जागच्या जागी. फ्रिजवाल्या मिस्त्रीला बोलावलं, त्याने डबे तपासले आणि हात वर केले. पावणेदोन झाले. मामा पुन्हा दोऱ्यांकडेच बघत बसले. आता याला काय म्हणावं? काखेत कळसा नि गावाला वळसा.

शेवटी त्यांनी नोंदी गोळा करणाऱ्या प्रोग्रामचं पान उघडलं. कोणत्या कार्डावर ऐकायचं, या प्रश्नापुढे उत्तर होतं: आपोआप. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ठेवलेलं. आपोआप म्हणजे यंत्राला जे कार्ड पहिलं दिसेल ते. इतके दिवस ते फ्रिजांकडचं होतं. नवं कार्ड बसलं, क्रम उलटा झाला, आणि प्रोग्राम कार्यालयाकडच्या, म्हणजे पुढच्या दाराशी कान लावून बसला. मागच्या दारी फ्रिज बिचारे दर मिनिटाला हाका मारत होते. दोरा माणसाला दिसतो, यंत्राला थोडाच दिसतो?

मामांनी "आपोआप" खोडलं, लाल दोऱ्याच्या कार्डाचा पत्ता स्वतः लिहिला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. एक वाजून चोपन्न मिनिटांनी दहाची नोंद आली, मग दहा वाजून एक मिनिटाची, मग भराभर सगळ्या. चार अंश. चार अंश. चार अंश. मामांना रडूच यायचं बाकी होतं.

दोन पिशव्या वर गेल्या. ताई त्या पोचवून मामांकडे आल्या तेव्हा मामा वहीत लिहीत होते: "दोरे बरोबर होते. प्रोग्राम मी आपोआपवर सोडला होता. चूक माझी."

"हे कशाला लिहिता?" ताई म्हणाल्या. "कळणार होतं कुणाला?"

"माझ्या जागी उद्या जो येईल, तोही दोरेच बघत बसेल, ताई."

संध्याकाळी त्या दोन पिशव्या रिकाम्या होऊन खाली आल्या. बाळंतीण शुद्धीवर आली होती. मामांनी वही बंद केली आणि घरी गेले.