रोज साडेदहाची सही

आमच्या लॉ कॉलेजचा वार्षिक अहवाल या वर्षी रंगीत छापला. मूट कोर्टच्या, म्हणजे अभिरूप खटल्यांच्या स्पर्धेत आमच्या संघाने जिंकलेली ढाल त्यात आहे, बाहेरून आलेल्या न्यायमूर्तींची व्याख्यानं आहेत, मोठ्या कंपन्यांत नोकरी लागलेल्या मुलांचे हसरे चेहरे आहेत. आणि विधी साहाय्य केंद्राच्या पानावर मी आहे. काळा कोट, मागे कोर्टाचं फाटक, शेजारी आमच्या मॅडम. खाली इंग्रजीत लिहिलंय की परराज्यातल्या एका गरीब कामगाराला केंद्राच्या प्रयत्नांनी जामीन मिळाला आणि त्याची सुटका झाली. तो कामगार मात्र फोटोत नाही. फोटो काढला तेव्हा तो अजून तुरुंगातून बाहेर यायचा होता.

मी हिंगोलीकडचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि चेन्नईपर्यंत आलेलाही पहिलाच. वडिलांनी ते पान माझ्याकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घेतलं, लॅमिनेट करून दुकानात लावलं. गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरता भरता ते त्याला पान दाखवतात. ते काढून ठेवा, असं मला कितीदा तरी सांगावंसं वाटलं. पण का, हे सांगावं लागलं असतं.

केंद्राचं काम म्हणजे तुरुंगात जाऊन कच्च्या कैद्यांना भेटायचं. ज्यांना वकील नाही त्यांची माहिती लिहून आणायची. त्यावरून अर्जाचा मसुदा आम्ही मुलं करायचो, मॅडम तो तपासून कोर्टात उभ्या राहायच्या. त्या स्वतः वकिली करून आम्हाला शिकवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. एक कैदी आहे, त्याला तमिळ येत नाही, हिंदी जेमतेम, तू मराठी आहेस ना, म्हणाल्या. इंग्रजी बोलताना माझी अजून त्रेधा उडते. वर्गातल्या मुलांसमोर मी गप्प राहतो. माझ्या मराठीचा कुणाला उपयोग होईल असं कॉलेजात पहिल्यांदाच घडत होतं. मी हरखलो.

तो परभणीकडचा निघाला. तिशीतला, उंचेला, गालफडं बसलेली. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचा. तिथून तांब्याची तार चोरीला गेली आणि पोलिसांनी त्या पाळीतली सगळी माणसं उचलली. बाकीच्यांसाठी कुणी ना कुणी आलं. याच्यासाठी कोण येणार? माझी मराठी ऐकून त्याने केसबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुमच्याकडं ज्वारी काढली का, म्हणून विचारलं. मग म्हणाला, बायको बाळंतपणाला माहेरी आहे, दिवस भरलेत, तेवढं काय झालं ते कळवा.

मी तिच्या माहेरी फोन केला. मुलगी झाली होती. पुढच्या भेटीत ते सांगितल्यावर तो जाळीला डोकं टेकून हसला. बायकोचा निरोप होता की बारसं तुम्ही आल्यावरच करू, तोवर बाळीच म्हणू.

अर्ज मी लिहिला. जामीन देताना कोर्टाला धास्ती असते ती आरोपी पळून जाईल याची. म्हणून त्याची मुळं इथे रुजलेली आहेत हे दाखवायचं, असं आम्हाला शिकवलेलं. मूट कोर्टच्या सरावात हाच मुद्दा मांडून मी शाबासकी मिळवली होती. मी त्याला इथला पत्ता विचारला. ठेकेदाराने दिलेल्या खोलीचा पत्ता त्याने सांगितला. आरोपी या पत्त्यावर स्थायिक आहे, त्याचं बस्तान याच भागात आहे, असं मी झोकात लिहिलं. मॅडम म्हणाल्या, चांगलं सुचलं. सुटल्यावर तुम्ही राहणार कुठे, जाणार कुठे, हे मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही, पण त्याची भाषा येत होती ती मला.

जातमुचलक्यावर जामीन झाला. ऐपतवाला जामीनदारसुद्धा लागला नाही. कोर्टाबाहेर मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, फोटो काढला. मी तिथूनच त्याच्या बायकोला फोन लावला आणि म्हणालो, “वहिनी, सुटले. आता येतील घरी.” मागे बायकांचा गलका ऐकू आला. कुणीतरी साखर आणा म्हणत होतं.

आदेशाची प्रत संध्याकाळी हातात आली. त्यात अट होती: पुढील आदेश होईपर्यंत आरोपीने दररोज सकाळी साडेदहा वाजता गुम्मिडिपूंडीच्या ठाण्यात हजर राहून सही करावी. इथल्या वकिलांना यात नवल वाटत नाही, याला ते कंडिशन बेल म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. मॅडमनी ते वाचलं आणि मान डोलावली. मला थोड्या वेळाने उमगलं. माणूस इथलाच आहे असं आम्हीच सांगितलं होतं. मग इथल्याच ठाण्यात सही करायला त्याला अडचण काय असणार?

तो खोलीवर गेला तेव्हा तिथे दुसरी माणसं राहायला आली होती. ठेकेदाराने ओळख दाखवली नाही. कारखान्याचा गेटपास रद्द झाला होता. दुसरीकडे काम मागावं तर पाळी सकाळची, आणि रोज सकाळी पोलीस ठाण्यात जाणारा गडी कोण ठेवणार? शेवटी काही ओडिया पोरांनी त्याला खोलीत घेतलं, स्वयंपाक करायच्या बोलीवर. संध्याकाळी मिळालं तर माल उतरवायचं काम.

दर शनिवारी मी गुम्मिडिपूंडीची गाडी धरून त्याच्याकडे जायला लागलो. काय करायला, ते मलाही सांगता आलं नसतं. ठाण्याबाहेर चिंचेखाली उभा राहायचो. आतली पोलीसबाई मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवायची, त्याला मराट्टी म्हणायची. सही करून तो बाहेर आला की आम्ही चहा घ्यायचो. तो मला वकीलसाहेब म्हणायचा आणि त्यात थोडी टिंगल असायची.

एकदा वहिनींचाच फोन आला.

“भाऊ, खरं सांगा. सुटलेत ना ते?”

“सुटलेत.”

“मग येईनात का?”

मी अट समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, “सुटलेला माणूस रोज ठाण्यात कशाला जाईल, भाऊ? इथं सगळे म्हणायलेत, तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं असंल. तुम्ही त्यांच्या बाजूचे. तुम्ही तसंच सांगणार.”

पुढच्या शनिवारी मी हे त्याला सांगितलं. त्याने चहा संपवला, ग्लास धुऊन ठेवला.

“जेलात होतो तर तिला ठाऊक होतं, मला येता येत नाही,” तो म्हणाला. “आता तिला वाटायलंय, मला यायचं नाही. तुम्ही मला सोडवलं का गुंतवलं, वकीलसाहेब?”

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या चांगल्या आहेत, हे मला इथे लिहायलाच हवं. माझी फी भरायची राहिली होती तेव्हा त्यांनीच ऑफिसात जाऊन मुदत मिळवून दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळ्यावरचा चष्मा काढला. त्याच्या गावच्या ठाण्यात सही करायची परवानगी आपण पहिल्याच अर्जात मागू शकलो असतो, म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, मीच विचारायला हवं होतं. अट शिथिल करायचा अर्ज त्यांनी लगेच घातला. पण पोलिसांचं म्हणणं यायला तारीख पडली, मग पुढची तारीख पडली, मग आमच्या परीक्षा आल्या. मी कराराचा कायदा पाठ करत बसलो असताना तो सही करत होता. पेपरात मला चांगले गुण मिळाले.

त्याच सुमारास वार्षिक समारंभ ठरला. केंद्राला या वर्षीची ढाल मिळणार होती आणि ती घेताना मी दोन शब्द बोलायचे होते. मी मॅडमकडे जाऊन म्हणालो की आपली ती केस यात नको. त्या म्हणाल्या, काम अर्धं झालंय हे खरं आहे, पण अर्धं झालंय तेही खरंच आहे. हे केंद्र चालू राहावं म्हणून काहीतरी दाखवावं लागतं. आत अजून कितीतरी माणसं आहेत. मी उत्तर शोधलंच नाही. ज्यांनी आपल्याला वर ओढलं त्यांच्या कामात खोट काढू नये, अशा घरात मी वाढलो. मंचावर गेलो, शिक्षकांचे आभार मानले आणि ढाल दोन्ही हातांनी वर धरली. टाळ्या खूप झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी एवढा भरलेला हॉल उठून उभा राहिला होता, आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हेच मला अजून गिळता येत नाही.

शनिवारी तो म्हणाला, “ढाल मिळाली म्हणं. तलवार कधी देणारेत?” त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक माझ्या बरोबरीच्या पोरांनी फोनवर टाकलेला फोटो त्याने पाहिला असावा. मी मान खाली घातली. तो हसत होता, पण चहा त्याने पुरता घेतला नाही. मेहुण्यांनी बारशाची तारीख ठरवलीय, म्हणाला. मुलगी आता मोठी झाली, किती दिवस बिननावाची ठेवायची, बाप येवो न येवो. गाडीला एक दिवस जायला, एक यायला. मधले दोन दिवस. ठाण्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

“जाऊ का?” त्याने विचारलं. “तुम्ही म्हणाल ते करतो.”

तो स्वतःच निघून गेला असता तर मला सोपं झालं असतं. पण त्याने माझ्यावर टाकलं. मला कायदा माहीत होता. एक सही चुकली की जामीन रद्द होऊ शकतो, वॉरंट निघतं, मग गावातूनच पोलीस उचलून आणतात, आणि दुसऱ्यांदा जामीन मिळणं कठीण. हे सगळं खरं होतं. ते त्याला सांगतानाच माझ्या मनात आलं की तो पळाला तर पहिली नाचक्की अहवालातल्या त्या पानाची होईल. दोन्हींत कुठलं कारण पुढे होतं, ते मी आजवर नीट वेगळं करू शकलेलो नाही.

“नका जाऊ, दादा,” मी म्हणालो.

तो गेला नाही.

बारशाच्या दिवशी मी कॉलेज बुडवून त्याच्याकडे गेलो. सही झाल्यावर चिंचेखाली उभं राहून त्याने व्हिडिओ कॉल लावला. फोन मी धरला. पाळणा फुलांनी सजवला होता. आत्या कानात नाव सांगताना बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळे हसले. नाव काय ठेवलं ते गोंगाटात ऐकू आलं नाही. त्याने दोनदा विचारलं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग मेहुण्याचा चेहरा पडद्यावर आला. पाव्हणे, तिकडं बरंय ना तुमचं, म्हणाला आणि फोन बंद झाला. नाव त्याला संध्याकाळी कळलं. बायकोने तेवढा एकच शब्द पाठवला होता.

अट शिथिल व्हायला त्यानंतर महिना गेला. दर सोमवारी त्याच्या तालुक्याच्या ठाण्यात सही करायची, तारखेला इथे यायचं. मी त्याला चेन्नई सेंट्रलवर गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्याने हात हलवला. मला वाटलं, आता ओझं उतरेल. परतीच्या वाटेवर मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. मुलगी त्याच्याकडे यायला रडते, म्हणाला. ओळखेल हळूहळू. मग म्हणाला, “तिकडं बरं होतं, वकीलसाहेब. तिकडं मला कुणी ओळखत नव्हतं.”

सोमवार त्यांच्या तालुक्याचा बाजाराचा दिवस आहे. ठाणं बाजारपेठेतच. त्याला आत जाताना आणि बाहेर येताना अख्खं गाव बघतं. मागच्या सोमवारी कुणीतरी मोठ्याने विचारलं होतं, काय रं, आज काय चोरलंस? अट शिथिल करायचा अर्ज लिहिताना त्यांच्याकडे बाजार कोणत्या वारी असतो, हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी कोर्टाने ऐकलं असतं का, ठाऊक नाही. पण मी विचारलं नव्हतं.

मग त्याने फोन बायकोकडे दिला. त्यांच्या आवाजात माझ्याविषयी राग असेल म्हणून मी सावरून बसलो. राग असावाच. पण त्या कामाचं बोलल्या. आता सोमवारी मीही जाते त्यांच्यासंगं, म्हणाल्या. पोरीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसते. लोकांनी बघायचं तर तिघांना बघावं. आपल्या भावांना ते आवडत नाही, असंही त्यांनी सांगितलं. तुम्ही तेव्हा खरंच सांगत होता, मला ते ठाणं बघितल्यावर पटलं, असं म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, “भाऊ, हे किती दिवस चालायचं?”

खटला अजून उभा राहायचा आहे. दोषारोपपत्र आलं आहे, साक्षीदार कधी येतील ते कुणी सांगू शकत नाही. लवकर संपेल, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तसं बोलणं फार सोपं असतं.

“मला माहीत नाही, वहिनी,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग घरात तसंच सांगते.”