सुभेदारांची कोरडी खोली

सुभेदार बँकेच्या दारावर अठ्ठावीस वर्षं बंदूक घेऊन उभे राहिले, पण चाप ओढायची वेळ एकदाही आली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि थोडी हळहळही. सुभेदारकी गल्लीने त्यांना मिशांकडे बघून बहाल केलेली. बंदूक मात्र खरी, स्वतःची, परवान्याची. निवृत्तीनंतर ती त्यांच्याबरोबर घरी आली आणि तिच्या मागोमाग पंचवीस काडतुसं.

बंदुकीचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. बाहेरच्या खोलीत पोलादी कपाटात कुलपाआड ती उभी असे. त्यांचा जीव होता तो काडतुसांवर. काडतूस ओल धरतं, त्याचं पितळी बूड हिरवं पडतं, मग ऐन वेळी ते दगा देतं, हे ते येईल त्याला समजावून सांगत. ऐन वेळ कुठली, असं कोणी विचारत नसे.

घर उताराच्या पायथ्याशी, तळमजल्यावर, तीन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीची भिंत बारा महिने पाझरायची, स्वयंपाकघरात वाफ. मधली खोली तेवढी खडखडीत कोरडी. सुभेदारांनी ती काडतुसांना दिली. जाड लोखंडी डबा, झाकणाला रबरी पट्टी, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, वर खरेदीच्या तारखेची चिठ्ठी. डबा जमिनीला टेकू नये म्हणून खाली लाकडी पाट. कुलूप वेगळं, आणि दोन्ही किल्ल्या सुभेदारांच्या कमरेला. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं एक यंत्र. तिन्ही खोल्यांत ते फिरवून रोज सकाळी आकडे वहीत उतरवायचे. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, चहाचा कप न्यायचा नाही, दार उघडं ठेवायचं नाही.

त्यांची बायको बाहेरच्या खोलीत झोपायची, पाझरणाऱ्या भिंतीला पाय करून.

चार वर्षं ती खोकत होती. सुभेदार माया करणारे. औषधाची बाटली संपायच्या आत दुसरी आणत, पाणी कोमट करून देत. पण लेक जवळच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि गेल्या वर्षापासून आईला ते तीन जिने चढवेनात. लेकीला दिवस गेले होते. बाळंतपणाला आई हाताशी हवी, म्हणून तीच आईबाबांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि घरात ओल आहे का, असं विचारलं. सुभेदारांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. त्यांनी खिशातून वही काढली. बाहेरची खोली ऐंशीच्या खाली येत नाही, स्वयंपाकघर पंचाहत्तर, आणि मधली, भर पावसाळ्यातसुद्धा, पन्नास. बारा वर्षांचे आकडे होते.

डॉक्टरीणबाईंनी वही कौतुकाने चाळली.

"मधली खोली उत्तम आहे. तिथे कोण झोपतं?"

लेक खिडकीबाहेर बघू लागली. बायकोने पदर सारखा केला. सुभेदार हळूच म्हणाले, "काडतुसं."

घरी येईपर्यंत कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. त्याच दिवशी बायकोची गादी मधल्या खोलीत गेली, आणि डबा पाटासकट बाहेर आला. तो पाझरणाऱ्या भिंतीजवळ ठेवताना सुभेदारांचा चेहरा लेकीला सासरी पाठवतानासारखा झाला होता.

बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? डबा घट्ट बंद आहे ना?"

"म्हणजे काय. हवासुद्धा जात नाही."

"मग खोली कुठली आहे, ते त्याला कळतं कसं?"

सुभेदारांनी यंत्र डब्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि आठ दिवस वाट बघितली. उघडलं तेव्हा आत चाळीस. मधल्या खोलीच्या पन्नासापेक्षाही कमी. काडतुसं चकचकीत, जणू काही घडलंच नव्हतं. गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता, पण माणूस सरळ. त्यांनी बायकोला जाऊन सांगितलं की बारा वर्षं ती खोली उगीचच अडवून ठेवली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांची काळजी मिटली."

पुढे दीड महिन्यात तिचा खोकला ओसरला. नंतर एके सकाळी लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, आणि बायको पायात चपला सरकवून निघालीच. पहिला जिना, दुसरा, कुठे थांबली नाही. तिसऱ्याच्या वळणावर तिच्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीयेत. वाकून बघितलं तर सुभेदार दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून खोकत होते. बायकोची गादी आत गेल्यापासून, स्वयंपाकघर सोडून डब्याच्या सोबतीला, पाझरणाऱ्या भिंतीला पाय करून तेच झोपत होते.

"तिथेच दम खा," ती वरून म्हणाली. "आणि आजपासून आत या झोपायला. दोघांना पुरेल एवढी कोरडी आहे ती."

सुभेदारांनी मान हलवली. दोन माणसांच्या श्वासाने खोलीतला आकडा किती चढेल, हे त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण ते त्यांनी तोंडातून काढलं नाही.