तिसऱ्या पायरीचा कागद

पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत तिला सगळे पायरीबाई म्हणत. इंग्रजी उतारा कितव्या इयत्तेच्या मुलाला झेपेल, हे ती ठरवायची. वाक्यात शब्द किती, शब्द किती लांब, हे मोजायचं, सूत्रात घालायचं, कोपऱ्यात पायरीचा आकडा लिहून सही ठोकायची. तेवीस वर्षं हेच. संगणक आला, तर ती बोटांवर मोजून त्याच्या चुका काढायची. साहेब म्हणायचे, यंत्राला रजा देऊ, बाईंना नको.

हे इंग्रजी तिच्या पदरात पडलं ते ताईमुळे. आई गेली तेव्हा ताई चौदा वर्षांची. ती शाळा सोडून शिवणाला बसली आणि धाकटीला शिकवलं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ताईने "आता मलाही शिकव" म्हटलं, तेव्हा पायरीबाईने जीव ओतला. दर रविवारी बसच्या दोन थांब्यांवर राहणाऱ्या ताईकडे ती उतारे घेऊन जायची. ताई अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहायची. दोन वर्षांत तिसऱ्या पायरीवर पोचली आणि बसवरच्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचायला लागली. आता मला कुणी गंडवायचं नाही, म्हणायची.

मग ताईच्या हृदयाची झडप बदलावी लागली. रक्त पातळ ठेवायची पांढरी गोळी सुरू झाली. घरी सोडताना इस्पितळाने इंग्रजी सूचनांचा कागद दिला. पायरीबाई समजावून सांगायला सरसावली, तर ताईने तो ओढूनच घेतला. मी माझं वाचीन, म्हणाली. कोपऱ्यात तीनचा आकडा होता. तो पायरीबाईचाच. इस्पितळाने आपले कागद तिच्याच कचेरीतून तपासून घेतले होते. ती निर्धास्त झाली. उलट, ताईने तो कागद घडाघडा वाचला तेव्हा तिचा ऊर भरून आला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी भाचीचा फोन आला. ताई शिवता शिवता यंत्रावर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. पायरीबाई पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हिरड्यांतून चार दिवस रक्त येत होतं, तरी गोळी चालू कशी ठेवली?

घरी भाचीने तो कागद तिच्यापुढे धरला.

"मावशी, तू सांग. आईला हे वाचता आलं नव्हतं का?"

पायरीबाईने वाचलं. हिरड्यांतून रक्त आलं तर पांढरी गोळी 'होल्ड' करा. डॉक्टरांच्या इंग्रजीत 'होल्ड' म्हणजे थांबवा. त्या शब्दावर ताईने आपल्या गोलसर अक्षरात लिहिलं होतं : धरून ठेवणे, सोडू नये. हा अर्थ पायरीबाईनेच शिकवला होता. इंग्रजीत शब्द चारच अक्षरांचा. सूत्राच्या लेखी त्याहून सोपं काही नव्हतं.

"वाचता आलं होतं गं," ती म्हणाली. "मी शिकवलं तसंच वाचलं तिने. आणि हा कागद मीच सोपा ठरवला. ही माझी सही."

भाचीने ती सही पाहिली. मग तिने कागदाची घडी घातली आणि आत निघून गेली.

पायरीबाई इस्पितळात चार खेपा घालून ते वाक्य बदलून आली. कचेरीत तिने साहेबांना बजावलं, कुणाकडून तरी वाचून घेऊन, त्याला काय कळलं ते ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही. तेव्हापासून ती थोडंफार इंग्रजी येणाऱ्या शिपायाला, कधी झाडूवालीला समोर बसवून वाचून घेते. कामाला तिप्पट वेळ लागतो. साहेब तेवढा वेळ देतात. रविवारी काय करायचं, ते मात्र तिला अजून सुचत नाही.

भाचीने तिला कधी बोल लावला नाही. भेटली की तब्येत विचारते, पाणी देते. फक्त आता ती मावशीला 'तुम्ही' म्हणते.