मावशीसाठी उन्हाची खोली

आमच्या ऊनमावशीकडे कोणी बसायला आलं, की ती आधी त्याला जागेवरून उठवायची. "जराक तिकडं सरक गा बाप्पा, माहं ऊन अडून राहिलं." पाहुणा घरमालक असो, नाहीतर महानुभाव पंथाचे वृद्ध महंत असोत. महंतांना ती आधी "दंडवत" म्हणायची आणि मग सरकायला सांगायची, एवढाच फरक. तेही हसत सरकायचे.

मावशी माळ्याच्या घरची. अमरावतीत लग्नाच्या मांडवांना आणि देवळांना हार पुरवणं हा तिचा धंदा होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण हात चालत होते. पुढे संधिवातानं ते हातही धरले. मनगटं सुजली, बोटं करंगळीच्या बाजूला कलली. सकाळी मूठच उघडायची नाही. हार ओवणं थांबलं, तशी हारांच्या निमित्तानं येणारी माणसंही थांबली.

मी तिच्या नात्यातली नव्हे. माझे वडील शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन अमरावतीच्या बाजारात येत, तिथली त्यांची ओळख. मी मॅट्रिक झाले आणि कॉलेजात जायचा हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी मला तिच्या अंगणात नेऊन उभं केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी तोवर कोणी चढलं नव्हतं.

"शिकन काय पोरगी?" मावशीनं विचारलं.

"शिकन म्हनते," वडील म्हणाले.

"मंग राहू द्या. पर सकायी माही वेणी घालून द्या लागन. शेजारणीले किती रोज म्हनू?"

एवढ्यावर माझी राहण्याची सोय झाली.

तिच्या उन्हाचं मूळ एका तरुण डॉक्टरांच्या सांगण्यात होतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांनी माशाच्या तेलाची बाटली पुढे केली. मावशी खुर्चीतून अर्धी उठली. "मच्छीचं? डाक्तरसायब, मी महानुभाव हावो. हाडं राहिली काय अन् गेली काय, थे तोंडात नाई घेत." डॉक्टर हसले. "मग रोज अंगाला ऊन लागू द्या. हाडांना हवं असतं ते ड जीवनसत्त्व उन्हातूनही मिळतं." मावशीला हे फार पटलं. "फुकट मियते, तं आधी काहून नाई सांगतलं?" त्या दिवसापासून तिचं अंथरूण सकाळी अंगणात पडू लागलं. गुडघा दुखला की गुडघा उन्हात, मनगट दुखलं की मनगट. दुखणं जात नव्हतं, पण थोडं सैल पडे. तेवढ्यावर तिनं उन्हाला वैद्य मानलं.

पावसाळा तिला खायला उठायचा. ढग आठ-आठ दिवस हटत नसत. ती दारात बसून रिकाम्या अंगणाकडे बघत राही. मी कॉलेजातून आल्यावर विचारी, "मावशी, आज कोणी आलं होतं?" ती म्हणे, "ऊनच नाई आलं, तं मानसं कायले येतीन?"

ती जेवायची भिंतीकडे तोंड करून. वाकड्या बोटांनी घास उचलताना अर्धा ताटात पडे, आणि ते कोणी पाहिलेलं तिला खपत नसे. मी मदतीला गेले की म्हणे, "तू आपलं पुस्तक पाह्य वं." पहिलं वर्ष मी तिची पाठच बघत जेवले. मग एका संध्याकाळी ती ताट घेऊन माझ्यासमोर वळून बसली. वरण हनुवटीवर ओघळलं, तिनं ते मनगटानं पुसलं आणि विचारलं, "आज काय शिकवलं कालेजात?" मी उत्तर दिलं खरं, पण काय दिलं ते आठवत नाही.

बी.ए. झाले आणि मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. निघताना मी रडू लागले. ती म्हणाली, "जाय. मी काय एकटी हावो? ऊन हाये ना." मी अकोल्याहून बदनेऱ्याची गाडी पकडून जमेल त्या शनिवारी तिच्याकडे येत राहिले. शेजारच्या गंगूबाई तिच्या घरात डोकावून जात.

अशाच एका फेरीत मावशी डावा खांदा उघडा टाकून उन्हात बसलेली दिसली. "खांदा धरला वं. खांद्यापासून कोपरालोक कळा येतात." चुलीपासून अंगणापर्यंत येतानाही ती मध्ये थांबून दम खात होती. मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ नळी लावून छाती ऐकली.

"मावशी, हा खांदा सांध्यांचा नाही. हृदयाचं दुखणं आहे हे."

"दुखते खांदा, अन् पाहाता छाती?"

"तुमचा आजार नुसता सांध्यांत बसत नाही, हृदयालाही धरतो. गोळ्या घ्या. कळ आली की आडवं व्हा आणि मला बोलवा. आणि आता एकटीनं राहू नका."

"तुमीच तं म्हनलं होतं, ऊन घे म्हनून."

"हाडांसाठी म्हटलं होतं, मावशी."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "थे डाक्तर पोट्टं लय शिकलं, म्हून बावचळलं." वर्षानुवर्षं तिचं सगळं दुखणं सांध्यांतूनच आलं होतं. हे वेगळं आहे, हे तिला कोण पटवणार? निदान माझ्याजवळ असावी म्हणून मी म्हटलं, "अकोल्याला चल." तिनं एवढंच विचारलं, "तुह्या खोलीत ऊन कोण्या बाजूनं येते?"

माझी खोली उत्तरेकडे तोंड केलेली, बोळातली. मी खोटं बोलले नाही. "मंग नाई येत," ती म्हणाली.

मग मी अकोल्यात उन्हाची खोली शोधू लागले. शाळा सुटली की घरं बघत फिरायचं. जिथे तिथे मालक सांगत, "बाई, खोली थंडगार हाये, ऊन बिलकूल नाई येत." मी परत फिरले की चकित होत. एक जण तर म्हणालाच, "अकोल्यात ऊन पाह्यजे म्हननाऱ्या तुमीच पयल्या!" शेवटी एका विधवा मालकीणबाईंकडे पूर्वेला ओसरी असलेली खोली मिळाली. सकाळचं ऊन थेट आतपर्यंत. मी अमरावतीला जाऊन मावशीला ते सांगितलं. तिनं खोदून खोदून विचारलं, ऊन कधी येतं, किती वेळ थांबतं, मध्ये झाड आहे का. मग म्हणाली, "हाओ. पुढच्या शनिवारी ने."

त्या शनिवारी मी पोचले, तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. गंगूबाई मला धरून म्हणाल्या, "सकायी म्हने, खांदा लय ठनकून राहिला, उनात टाकतो. नेहमीचंच होतं वं माय. मी पानी भराले गेली. आली तं अंथरुनावर सावली आलती, तरी थे तिथंच. सरकली नाई, तवा समजलं." आत मावशीचं गाठोडं बांधून तयार होतं. गाठ गंगूबाईंकडून मारून घेतली होती.

आजही वाकल्या बोटांची बाई भेटली, की मी तिची छाती, दम, खांदा यांची चौकशी करते. लोक म्हणतात, बाईंना भलतीच सवय आहे.

सगळं आटोपून मी अकोल्याला परतले. मालकीणबाईंनी ओसरी सारवून ठेवली होती, कुठूनशी बाज आणून टाकली होती. "कुठं हाये तुमची मावशी?" त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं.

माझ्या मागे कोणी नव्हतं. त्यांना समजलं. त्या बाज उचलायला वाकल्या. "राहू द्या," मी म्हटलं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा ऊन ओसरीतून आत आलं होतं. त्याच्या वाटेत कोणी नव्हतं.